लाकडी दस्त्यावरील शोभिवंत सांधा आणि त्यासाठी घडवावे लागणारे हत्यार

प्रस्तावना

बंदुकीचा लाकडी दस्ता हा विषय सुतारकाम आणि लोहारकाम या दोन विद्यांच्या सीमेवर उभा आहे. यंत्रनिर्मितीच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या थॉमस ब्लँचर्ड यांनी १८१९ मध्ये वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तू कातणाऱ्या लेथची कल्पना मांडली. एका नमुन्यावरून फिरणारे चाक आणि त्याच्या हालचालीचे अनुकरण करणारे कातणहत्यार अशी तिची रचना होती. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत या तत्त्वावरील यंत्रे दस्ते घडवू लागली. १८५० च्या दशकात इंग्लंडमधील एन्फील्ड येथील कारखान्यासाठी इंग्रज सरकारने हीच यंत्रे अमेरिकेतून मागविली. लष्करी दस्त्यावरील कारागिराचा हात तेव्हापासून सुटत गेला.

शिकारी व नेमबाजीच्या बंदुकांच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. ग्राहकाच्या खांद्याच्या मापाने आणि आवडीने एकेक दस्ता हाताने घडविणारे कारागीर अमेरिका व इंग्लंडमध्ये टिकून राहिले. अमेरिकेत त्यांच्यापैकी काहींनी १९८३ मध्ये आपला संघही स्थापन केला. या दस्त्यांवर अक्रोडाच्या लाकडाच्या पुढच्या टोकाला आबनूस, शिसवी किंवा म्हशीच्या शिंगाचा गडद तुकडा जोडण्याची प्रथा आहे. या तुकड्याला प्रस्तुत लेखात ‘अग्रखंड’ म्हटले आहे. अग्रखंड आणि दस्ता यांच्यातील सांधा बहुधा सरळ किंवा तिरपा असतो. क्वचित तो नागमोडी असतो, आणि तेथूनच या लेखाचा प्रश्न सुरू होतो. नागमोडी सांधा कापणारे हत्यार बाजारात मिळत नाही. ते स्वतः घडवावे लागते. ते कसे घडवावे, आणि मुख्य म्हणजे ते बिनचूक आहे हे मोजमापाच्या महागड्या साधनांवाचून कसे ओळखावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

एक खुलासा येथेच करणे इष्ट होईल. आपल्या देशात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये शस्त्र व त्याचे भाग बनविण्यास परवाना लागतो. येथे केवळ लाकडाच्या सांध्याचा आणि तो कापणाऱ्या हत्याराचा विचार केला आहे. सागवान आणि शिसवीच्या साध्या ठोकळ्यांवर हे सर्व करून पाहता येते. प्रस्तुत लेखकाने ते तसेच करून पाहिले आहे.

सांध्यावर पडणारा भार

शोभेचा सांधा कोठे घालावा, याला मर्यादा आहेत. बंदूक झाडली असता मागे बसणारा धक्का धातूच्या भागाकडून दस्त्याकडे एका ठरावीक खोबणीत जातो. त्या खोबणीमागे आणि मुठीच्या निमुळत्या भागात लाकूड अखंडच असावे लागते. तेथे नक्षीसाठी जोड देणे हा निव्वळ अविचार होय. दस्त्यात जोड मुळीच चालत नाही असा मात्र याचा अर्थ नाही. जपानच्या १९०५ च्या सुमारास आलेल्या अरिसाका रायफलींच्या दस्त्याचा मागील भाग दोन तुकड्यांचा असे. खालचा तुकडा वेगळा कापून वरच्याला खाच आणि जीभ यांनी जोडलेला असे, आणि लाकडाची बचत हे त्याचे एक उघड कारण होते. तो सांधा तंतूंच्या दिशेने लांबवर जात असल्यामुळे बळकट असे.

अग्रखंडाचा सांधा याच्या उलट जातीचा आहे. तो तंतूंना आडवा जातो. त्याच्यावर किती ताण येतो, याचा ढोबळ हिशेब करता येतो. सुमारे साडेतीन किलोग्रॅम वजनाची शिकारी रायफल झाडताना मागे ३ मीटर प्रति सेकंद एवढा वेग घेते असे मानू, आणि हा वेग येण्यास दीड सहस्रांश सेकंद लागतो असे धरू. म्हणजे त्वरण २००० मीटर प्रति सेकंद वर्ग, अर्थात गुरुत्वत्वरणाच्या दोनशे पट झाले. अग्रखंडाचे वजन ५० ग्रॅम असेल तर त्याला आपल्याबरोबर मागे ओढण्यासाठी सांध्याला १०० न्यूटन बल पुरवावे लागते. दहा किलोग्रॅमचे वजन क्षणभर टांगल्याएवढा हा भार आहे. दस्ता मागे जातो, अग्रखंड जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणून सांधा उघडण्याकडे त्याचा कल असतो.

भार फार मोठा नाही, पण लाकडाचे तोंडाला तोंड लावून केलेले चिकटकाम हे सर्वांत दुबळे चिकटकाम असते. तंतूंच्या उघड्या नळ्या चिकटद्रव्य शोषून घेतात आणि पृष्ठावर पुरेसा थर उरत नाही. तिरपा सांधा घेतल्यास परिस्थिती सुधारते. ४५ अंशांच्या कापामुळे चिकटणारे क्षेत्रफळ ४१ टक्क्यांनी वाढते. नागमोडी वक्रामुळेही सांधा बळकट होतो असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु हिशेब तसे सांगत नाही. पुढे ज्या वक्राचे वर्णन येणार आहे त्याची लांबी सरळ रेषेपेक्षा केवळ ६ टक्क्यांनी अधिक भरते. तेव्हा वक्र हा डोळ्यांसाठी आहे हे प्रामाणिकपणे मान्य करावे, आणि बळासाठी आत लाकडाची एक किंवा दोन गोल कुसवे घालावीत.

फिरते हत्यार का चालत नाही

आजच्या कार्यशाळेत प्रथम राउटरचाच विचार होईल. तो येथे फारसा उपयोगी पडत नाही, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. फिरत्या कटरच्या त्रिज्येपेक्षा लहान त्रिज्येचा आतला कोपरा त्याला कापता येत नाही. बारीक कटर घ्यावा, तर दस्त्याच्या पुढच्या भागाची रुंदी ४० मि.मी.च्या आसपास असते आणि कटरला तेवढे आत पोहोचावे लागते. गोल दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या समप्रमाणात आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास निम्मा केला की तोच दांडा सोळापट वाकतो. शिवाय दोन्ही तुकडे एकाच नमुन्यावरून कापायचे, तर कटरच्या मध्याचा मार्ग एकदा वक्राच्या या बाजूने आणि एकदा त्या बाजूने त्रिज्येएवढा सरकवावा लागतो. दोन वेगळे नमुने आले, म्हणजे दोन वेगळ्या चुकाही आल्या.

जुन्या कारागिरांचा मार्ग वेगळा होता. रंधे बनविणारे आणि दस्ते घडविणारे कारागीर जाड, एकेरी दातांची एक प्रकारची कानस वापरीत. इंग्रजी कारागिरीत तिला फ्लोट म्हणतात. साध्या कानसीचे दात बारीक व ओरखडणारे असतात. फ्लोटचे दात मोठे, दोन-तीन मि.मी. अंतरावरचे आणि प्रत्येक दात म्हणजे एक लहानशी पटाशीच असते. हिच्या पोटाला आपल्याला हवा तो वक्र दिला आणि ती सांध्यावरून रुंदीच्या दिशेने सरळ ढकलली, तर संपूर्ण वक्र एकाच वेळी कापला जातो. दस्त्याच्या डाव्या व उजव्या बाजूंवर दिसणारी सांध्याची रेषा आपोआप सारखी येते, कारण ती एकाच पृष्ठाची दोन टोके असतात.

एक हत्यार की दोन

सांध्याला दोन तोंडे असतात. एकाचा फुगवटा तो दुसऱ्याचा खळगा. साहजिकच दोन हत्यारे लागतील असे वाटते, आणि बाणाच्या टोकासारख्या कोनी सांध्यासाठी ती खरोखरच लागतात. रंध्यांच्या कारागिरांनाही अशा जोड्या कराव्या लागत. त्यासाठी ते उलट आकाराचा एक ‘आई-रंधा’ करून ठेवीत आणि त्यावरून पुढचे रंधे घडवीत.

परंतु वक्राची निवड विचारपूर्वक केली तर दुसरे हत्यार टाळता येते. कागदावर इंग्रजी ‘एस’सारखी नागमोडी रेषा काढावी. तिच्या मध्यबिंदूभोवती कागद १८० अंशांनी फिरवावा. रेषा पुन्हा स्वतःवरच बसली, तर ती बिंदुसममित आहे असे म्हणतात. अशा रेषेच्या वरची बाजू आणि खालची बाजू एकरूप असतात. म्हणून वरच्या तुकड्याला कापणारे हत्यारच खालच्या तुकड्याला कापू शकते. फक्त शेगड्यात तुकडे धरताना एकाची नळीकडची बाजू उजवीकडे ठेवली असेल, तर दुसऱ्याची डावीकडे ठेवावी लागते.

याहून महत्त्वाचा भाग पुढेच आहे. हत्याराच्या वक्रात काही चूक राहिली आहे असे समजू. मध्यबिंदूपासून दोन्हीकडे समान अंतरांवर ही चूक समान आकाराची पण विरुद्ध दिशेची असेल, म्हणजे एकीकडे जेवढी उंच तेवढीच दुसरीकडे खोल असेल, तर दोन्ही तुकडे जोडल्यावर ती नाहीशी होते. सांधा घट्टच बसतो. दोन्हीकडे एकाच दिशेची चूक असेल, तर मात्र सांध्यात ती दुप्पट होऊन फटीच्या रूपाने दिसते. सुतार आपला गुण्या तपासताना एक रेघ मारतो, गुण्या उलटवून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारतो आणि दोन रेघांमधील अंतर पाहतो. ते अंतर चुकीच्या दुप्पट असते. येथे तेच तत्त्व आहे. वक्र आपल्या आराखड्याशी तंतोतंत जुळतो की नाही, हे सांध्याच्या दृष्टीने गौण आहे. तो स्वतःशी जुळला पाहिजे. आणि तो स्वतःशी जुळतो की नाही, हे दोन टाकाऊ ठोकळे कापून, एकमेकांवर ठेवून, दिव्यासमोर धरल्याबरोबर कळते. एका शतांश मिलिमीटरचे मापनयंत्र नसलेल्या कार्यशाळेलाही ही परीक्षा उपलब्ध आहे.

घडण

वक्र दोन समान वर्तुळखंडांचा घेतला. एक फुगीर, एक खोलगट. प्रत्येकाची जीवा २२.५ मि.मी. आणि त्रिज्या २० मि.मी. अशा खंडाची उंची सुमारे साडेतीन मि.मी. भरते. हत्यारासाठी ४५ मि.मी. रुंद, १६ मि.मी. जाड व १५० मि.मी. लांब अशी ओ-१ जातीच्या पोलादाची पट्टी निवडली. या पोलादात कार्बन सुमारे ०.९ टक्के असतो, शिवाय मँगॅनीज, क्रोमियम व टंगस्टन थोड्या प्रमाणात असतात, आणि ते तेलात बुडवून कठीण करता येते. साधे कार्बन पोलाद पाण्यात बुडवावे लागते व त्यात तडे जाण्याचा आणि पट्टी वाकण्याचा धोका अधिक असतो. हायस्पीड पोलादाला १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावे लागते, म्हणून ते सामान्य भट्टीच्या आवाक्याबाहेरचे आहे. लाकडाला त्याची गरजही नाही.

वर्तुळखंड निवडण्यामागे आणखी एक सोय होती. खोलगट अर्ध्या भागाची परीक्षा लेथवर कातलेल्या ४० मि.मी. व्यासाच्या गोल दांड्याने करता येते. दांड्यावर निळ्या रंगाचा पातळ लेप द्यावा, तो खळग्यात ठेवून किंचित हलवावा. जेथे निळा डाग उठेल तेथे पोलाद उंच आहे, तेथेच अर्धगोल कानस चालवावी. डाग सर्वत्र पसरेपर्यंत हे चालू ठेवावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. फुगीर अर्ध्या भागाला असा दांडा लावता येत नाही. त्याची परीक्षा पूर्वोक्त ठोकळ्यांच्या जोडीनेच होते. मात्र त्यासाठी दात आधी पाडावे लागतात. मऊ अवस्थेतील पोलादाचे दातही सागवानाचे दोन-चार ठोकळे सहज कापतात, तेव्हा पाणी देण्यापूर्वीच ही परीक्षा उरकून घ्यावी.

दातांमधील अंतर ३ मि.मी. ठेवले. खाचा प्रथम बारीक करवतीने आखून नंतर तिकोनी कानसीने खोल केल्या. खाच वक्राच्या चढउताराबरोबर सर्वत्र सुमारे एक मि.मी. खोल राहील याची काळजी घ्यावी लागते. दाताचे पुढचे तोंड जवळजवळ उभे असावे. दाताच्या माथ्यावर ०.३ मि.मी. रुंदीची अरुंद पट्टी न कानसता तशीच सोडावी, कारण वक्र खरोखर जपला जातो तो या पट्टीत. नवशिक्याचा हात नेमका येथे चुकतो. दात अधिक धारदार दिसावा म्हणून तो ही पट्टी कानसून टाकतो आणि त्याबरोबर तासन्‌तास घडविलेला वक्रही घालवून बसतो.

येथे थोडे विषयांतर करतो. अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या कार्यशाळेत विद्यार्थी मऊ पोलादाचा एक चौकोनी तुकडा कानसतो, गुण्या लावून दाखवतो, गुण मिळवतो, आणि तो तुकडा भंगारात जातो. त्याच तासांमध्ये त्याने एखादे हत्यार कानसले आणि पुढच्या सत्रात सुतारकामात ते वापरले, तर आपण केलेली चूक लाकडावर उमटलेली त्याला पाहायला मिळेल. गुण्यापेक्षा ही परीक्षा अधिक कठोर आहे. अभ्यासक्रमात असा बदल करण्यास यंत्रसामग्रीची अडचण नाही. फिटिंग आणि सुतारकाम हे दोन विभाग आपापल्या वेळापत्रकात वेगवेगळे बांधलेले आहेत, ही खरी अडचण आहे.

पाणी देणे आणि उतरविणे

ओ-१ पोलाद ७९० ते ८१५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवावे लागते. भट्टीला तापमापक नसल्यास लोहचुंबकाचा आधार घेता येतो. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्यानंतर रंग आणखी एक छटा उजळेपर्यंत थांबावे आणि जाडीच्या मानाने काही मिनिटे त्याच रंगावर ठेवावे. पट्टी तेलात उभी व सरळ बुडवावी. आडवी टाकल्यास एक बाजू आधी निवते व पट्टी धनुष्यासारखी वाकते. तेल किंचित कोमट असावे, त्याचे भांडे धातूचे असावे व पेट घेतल्यास झाकण्यासाठी लोखंडी झाकण हाताशी असावे. माझ्या पहिल्या पट्टीला दोन दातांच्या मधल्या खाचेत तडा गेला. खाचेचा तळ करवतीने कापलेला, तीक्ष्ण कोपऱ्याचा तसाच राहिला होता. निवताना आकुंचनाचा सारा ताण त्या कोपऱ्यात एकवटला. दुसऱ्या पट्टीच्या खाचांचे तळ गोल कानसीने वळवून घेतले आणि तडा गेला नाही.

कठीण झालेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून त्याचे पाणी उतरवावे लागते. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठावर २२० अंशांच्या सुमारास गवती पिवळा रंग चढतो, तीनशेच्या सुमारास निळा. पटाशीसाठी पिवळ्यावर थांबतात. फ्लोटसाठी निळ्यापर्यंत किंवा त्याही थोडे पुढे जाणे श्रेयस्कर. कठीणपणा काहीसा घटतो, पण नंतर चांगल्या कानसीने दातांना पुन्हा धार लावणे शक्य होते.

कठीण होताना पोलाद किंचित प्रसरण पावते. दोन वेगळ्या हत्यारांची जोडी असती आणि त्यांतील एकच कठीण केले असते, तर या प्रसरणाने मेळ बिघडला असता. एकाच हत्यारात मात्र वक्र सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठा होतो आणि त्याची सममिती जशीच्या तशी राहते. पट्टी वाकली वा पिळली नसेल, तर पाणी दिल्यानंतर वक्राला पुन्हा हात लावावा लागत नाही.

लाकडावर

फ्लोटने सगळे लाकूड काढू नये. करवत आणि मरफा यांनी वक्राच्या अर्धा मि.मी. जवळ यावे, आणि तेथून पुढे फ्लोट हलक्या दाबाने ढकलावी. तंतूंच्या तोंडावर काम चालू असल्याने ज्या कडेवरून दात बाहेर पडतात ती कड फुटते. तिला मागून टाकाऊ लाकडाचा ठोकळा घट्ट आवळून आधार द्यावा. अग्रखंडाचा तुकडा सर्व बाजूंनी दोन-तीन मि.मी. मोठा ठेवावा. मग वक्राचा मध्य दोन्ही तुकड्यांत नेमक्या एकाच उंचीवर आला नाही तरी अग्रखंड सरकवून मेळ घालता येतो, आणि जास्तीचे लाकूड चिकटविल्यानंतर दस्त्याच्या आकारात रंधून काढता येते. आबनूस व शिसवीत नैसर्गिक तेलकटपणा असतो. इपॉक्सी लावण्यापूर्वी पृष्ठ ॲसिटोनने पुसून कोरडे करावे.

सांधा कितीही घट्ट बसला तरी लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगत आणि आटत राहते. अमेरिकी काळा अक्रोड ओल्या स्थितीतून पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने ७.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने ५.५ टक्के आकसतो. त्यातील ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर ४५ मि.मी.च्या उंचीत वलयांच्या दिशेने सुमारे ०.४५ मि.मी. फरक पडतो. पावसाळ्यात घट्ट होणारी दारे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. अग्रखंडाचे लाकूड वेगळ्या प्रमाणात हलते, म्हणून आज सपाट असलेल्या सांध्यावरून वर्षभराने नख फिरवले तर बारीक पायरी लागते. दोन्ही तुकड्यांची वलये एकाच दिशेला ठेवणे आणि तेलाचे लेप नळीखालच्या आतल्या खोबणीतही देणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

फ्लोटची धार गेली की दाताच्या उभ्या तोंडावरच कानस चालवावी, माथ्यावर कधीही नाही. माथ्यावरची ०.३ मि.मी.ची पट्टी प्रत्येक वेळी थोडी अरुंद होत जाते. ती शिल्लक आहे तोवर वक्र तोच राहतो, आणि ती संपली की पट्टी मऊ करून दात नव्याने पाडावे लागतात.